सुईवाल्याची तबकडी

दिवा तेवढा बारीक करा. विझवू नका, बारीक करा. कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या. मध्येच उठलात तर मी पुढचं सांगणार नाही. आणि हिला गोष्ट म्हणू नका. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्याला खोटं बोलायला सांगितलं तर पहिल्याच वाक्याला घाम फुटायचा.

सगळे त्याला सुईवाला म्हणतात. रेकॉर्ड वाजवायची मशीनं, म्हणजे टर्नटेबलं, लावून देणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मधली वीसेक वर्षं तो माशा मारत बसला होता. मग तुमच्यासारख्या पोरांना जुन्या तबकड्यांची हौस आली आणि याचे दिवस पालटले. पोरं झोकात मशीन आणायची, डुगडुगत्या टेबलावर ठेवायची, सुई दाणकन आपटायची आणि मग म्हणायची, "काका, आवाज फाटतोय." सुईवाला बुडबुड्याची पाणसळ काढायचा. टेबल सपाट करायचा. मग सुई जिच्या टोकाला असते ती दांडी, तिच्या मागचं वजन फिरवत फिरवत ती हवेत आडवी तरंगती करायचा. तिथून पुढे दीड ग्रॅम, दोन ग्रॅम, त्या सुईला लागेल तेवढाच भार. "तबकडी मरते ती भाराने," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पोरं माना डोलवायची आणि घरी जाऊन मशीन पुन्हा त्याच टेबलावर ठेवायची.

तर, तीन वर्षांपूर्वीची एकोणीस मार्च, गुरुवार. रात्री सव्वानऊला सुईवाला पायात चपला सरकवून घराबाहेर पडला तो एक सुई उसनी आणायला. तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मित्राकडे, म्हणजे माझ्याकडे. माझा यातला भाग जवळजवळ एवढाच. रुंद टोकाची एक जुनी सुई माझ्याकडे पडून होती. तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. डबी खिशात टाकली, उद्या परत देतो म्हणाला आणि पाठ फिरवली.

परत जाताना, औषधांच्या दुकानाच्या बंद शटरपाशी त्याचा फोन वाजला. वहिनी, म्हणजे त्याची बायको. ती दोन दिवस भावाकडे गेली होती, मोठ्या शहरातल्या कानाच्या डॉक्टरांना दाखवायला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मोठ्याने बोला हो. ऐकू येत नाही म्हणून तर आलेय इथे."

तो भर रस्त्यात ओरडला, "डॉक्टर काय म्हणाले?"

"उजवा गेलेलाच आहे. डावा दोन महिने, फार तर तीन. मग काही नाही." तिकडे पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. "ऐका. रात्रीची बस धरतेय. सहा-साडेसहाला घरी येते. तबकडी लावून ठेवा."

"कुठली?"

"आपल्या घरात अशी एकच आहे," ती म्हणाली. "आज वाढदिवस त्याचा. अठ्ठावीस झाली असती. मी ऐकते आता. नंतर ऐकायचं म्हटलं तरी कुठून ऐकणार?"

सुईवाला बरं म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि तिथेच शटरला टेकून उभा राहिला.

का, ते सांगतो. त्यांना एकच मुलगा होता. सहा वर्षांचा असताना गेला. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी घर रिकामं. त्याच वर्षी सुईवाल्याकडे कोरी तबकडी कोरायचं एक यंत्र दुरुस्तीला आलं होतं. ते चालतंय की नाही बघायला त्याने पोराच्या सहाव्या वाढदिवशी त्याच्यासमोर माइक धरला आणि म्हणाला, आकडे म्हण. पोरगं वीसपर्यंत म्हणालं. शेवटी विचारलं, "बाबा, झालं?" अडतीस सेकंद. पोराचा आवाज म्हणून जगात एवढंच उरलं. तेव्हा कुणाच्या खिशात कॅमेरे नव्हते.

वहिनींनी ती तबकडी कधी ऐकली नाही. बावीस वर्षं नाही. म्हणायच्या, "मी ऐकली की तो गेला. नाही ऐकली तोवर तो त्या खोक्यात आहे. असू दे." सुईवाल्याने मात्र ऐकली. आधी वर्षातून एकदा, वाढदिवसाला. मग महिन्याला. मग बायको झोपली की रोज, हेडफोन लावून, चोरून. दारुड्यासारखं, आज शेवटचं म्हणत. आणि असली घरच्या घरी कोरलेली तबकडी मऊ असते, लोण्यासारखी. पंचवीस-तीस वेळा नीट वाजते. पुढे सुईच आवाज खरवडून नेते. हे गावभर सांगत फिरणारा हाच.

काय रे, काय म्हणालास? मोबाइलवर का नाही उतरवून घेतलं? हां. बरोबर आहे तुझं. दर गिऱ्हाइकाला तो पहिलं हेच सांगायचा, आधी उतरवून घ्या. स्वतःचं मात्र राहिलं. त्याचं म्हणणं असं, की खाचेत पोराचा श्वास लागलेला आहे, सुई त्याला शिवते. मोबाइलमधून आला तर तो नुसता निरोप. लोकांना ठणकावून सांगितलेली गोष्ट स्वतः करायची नाही, ही चूक त्या धंद्यातलाच माणूस करणार. शेवटी त्या रात्रीच्या चार महिने आधी उतरवून घ्यायला बसला, तेव्हा तबकडीतून नुसती खरखर आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरखर. बापाने पोराचा आवाज ऐकून ऐकून संपवला होता, आणि आईला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं.

आता कळलं तो शटरला टेकून का उभा होता?

दहाला तो घरी आला. पुढच्या खोलीतच त्याचं कामाचं टेबल. त्याने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फोन आत नेऊन ठेवला. पाणसळ ठेवली, टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवली, बुडबुडा मधोमध आणला. तबकडी मऊ कापडाने पुसली. आधी बारीक टोकाची सुई बसवली. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाते, तिथे काही उरलं असेल तर उचलते. दीड ग्रॅम. टेकवली. खरखर.

साडेअकराला त्याने माझी रुंद सुई चढवली. रुंद सुई वर वर चालते. खाचेच्या काठाला कदाचित काही न झिजलेलं राहिलं असेल, हा त्याचा शेवटचा हिशेब होता. दांडी सरळ केली, भिंगातून बघून सुईचा कोन जुळवला, पुन्हा टेकवली. खरखर. पण त्या खरखरीच्या खाली त्याला काहीतरी हलल्यासारखं वाटलं. बंद दाराआड कुणी बोलावं तसं. त्याने आवाज वाढवला, नुसती खरखर वाढली. कोन थोडा बदलला. पुन्हा तेच. साडेबारा झाले, एक वाजला. बस निघाली असेल, ती खिडकीला डोकं टेकून बसली असेल, हे त्याच्या मनातून जाईना. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

दोनच्या सुमाराला त्याने मागचं वजन पुढे सरकवलं. तीन ग्रॅम.

जन्मात कुणाला करू दिलं नसतं ते तो करत होता. चार. पाच. त्या दारापर्यंत पोचायचं होतं त्याला, दुसरं काही डोक्यात नव्हतं. सुई टेकवली आणि बघतो तर सुईपाशी एक काळा धागा वळवळत वर येतोय. केसाएवढा. तबकडीचीच साल. जे काही उरलं होतं तेही तो आता सोलून काढत होता. ते त्याला कळलं. तरी त्याने हात उचलला नाही.

तीनला दहा कमी होते. समोर घड्याळ होतं, म्हणून वेळ पक्की.

खरखर थांबली.

तबकडी फिरतेय. सुई खाचेत आहे. आणि आवाज नाही. मग...

"एक."

त्याने श्वास धरला.

"दोन. तीन."

पोराचाच. तोच. स्वच्छ, काल कोरल्यासारखा. सुईवाल्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले. आता सकाळी ती येईल, ऐकेल, त्याच्या मनात एवढंच.

"चार. पाच... बाबा, टोचतंय."

तो जागच्या जागी गोठला. तबकडीत हे नव्हतं. शेकडो वेळा ऐकलेली तबकडी, श्वासन् श्वास पाठ. हे त्यात कधीच नव्हतं.

"बाबा. टोचतंय."

त्याने वजन मागे घेतलं. चार ग्रॅम. तीन. दोन.

"अजून टोचतंय."

एक. अर्धा. शून्य. दांडी तरंगायला लागली. सुई तबकडीपासून वर आली. केसभर वर. आता ती कशालाच टेकली नव्हती. त्याने वाकून बघितलं, भिंगातून बघितलं. मध्ये उजेड दिसत होता.

"सहा," पोरगा म्हणाला.

सुईवाल्याने दांडीच्या टोकाची सुई उपटून काढली आणि टेबलाखाली टाकली. अँप्लिफायरचं बटण बंद केलं. लाल दिवा गेला. स्पीकर मुका झाला. तबकडी फिरत होती, आणि...

"सात."

हा 'सात' वेगळा होता. 'स' मधून वारा जात होता. पुढचे दात पडल्यावर जातो तसा. त्याच्या पोराचे दात पडायचे राहिले होते, तोपर्यंत तो जगलाच नाही.

"आठ. नऊ."

आवाज थोडा मोठा झाला. जोराने नव्हे. वयाने.

"दहा. अकरा. बारा."

सुईवाल्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं. तेराला आवाज फाटला. चौदाला खाली उतरला, पंधराला पुन्हा वर गेला. सोळाला स्थिर झाला. अठराला तो पुरुषाचा होता. बापाला नेहमी वाटायचं, मामावर जाईल. मामावरच गेला होता. चोवीसला मध्ये जरासा खोकला. तेवढ्यातही बापाच्या मनात आलं, हा सिगरेट ओढायला लागला की काय.

हसू नका. मला सांगताना तोही हसला होता, आणि मग उठून बाहेर गेला.

"सव्वीस. सत्तावीस."

"अठ्ठावीस."

आणि थांबला.

घर गप्प. मशीनचा पट्टा तेवढा घरघरत होता. सुईवाला वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. मग त्याच्या पाठीमागे, गिऱ्हाइकं बसतात ती खुर्ची आहे तिथे... खुर्ची करकरली. कुणी टेकावं तशी. भार द्यावा तशी.

त्याने मागे बघितलं नाही.

"बाबा." अगदी जवळून. "आईसाठी काय ठेवलंत?"

...

"काही नाही रे, राजा."

...

"सगळं मीच ऐकलं. रोज. तिला न सांगता. काही उरलं नाही बघ." तो टेबलावर डोकं टेकवून बोलत होता. "ती येतेय. तिचे कान जातायत. तू काहीतरी कर. मला पुन्हा कधी ऐकू नको येऊस. मला काही नको. तिच्यासाठी कर."

तबकडी हळू झाली. आणखी हळू.

थांबली.

खिडकीच्या फटीतून उजेड येईपर्यंत सुईवाल्याने मान वळवली नाही. वळवली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी वहिनी आल्या. पिशवी दारातच ठेवली, चपला काढल्या, आणि थेट त्या खुर्चीत बसल्या. डावा कान टेबलाकडे केला. डोळे मिटले. "लावा," म्हणाल्या.

सुईवाला त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. म्हणजे झिजवल्याचं. रोज रात्रीचं, हेडफोनचं, खरखरीचं. ऐकू जावं म्हणून हे सगळं त्याला मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. रात्रीचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही.

"बावीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. "बावीस वर्षं मी मन मारून बसले. तुमच्या भरवशावर. तो खोक्यात आहे म्हणून मला झोप लागायची. आणि तुम्ही त्याला..." उठल्या, आत गेल्या, परत आल्या. त्यांनी त्याला मारलं असतं तर त्याला चाललं असतं. पण त्यांनी टेबलावरून तबकडी उचलली आणि खिडकीपाशी नेली. फोडतात की काय, असं त्याला वाटलं.

त्यांनी ती पदराने पुसली. उलटी केली. उजेडात तिरपी धरली.

"या बाजूला काय कोरलंय?"

"काही नाही. मागची बाजू कोरी आहे. मी एकच बाजू कोरली होती."

"मग हे काय आहे?"

तो उठून गेला. मागच्या बाजूवर वर्तुळं होती. आता, तबकडीची खाच कशी असते? एकच रेघ, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. ही तशी नव्हती. एकात एक, पण प्रत्येक वेगळं, बंद, पूर्ण. असं एक कोरायचं तर यंत्र थांबवून, पातं उचलून, पुन्हा टेकवावं लागतं. आणि कोरायचं यंत्र बावीस वर्षांपूर्वीच त्याच्या मालकाकडे परत गेलं होतं. सुईवाल्याने भिंग लावलं. अठ्ठावीस होती. कड गुळगुळीत, ताजी, सुईचा स्पर्श न झालेली.

वहिनींनी भिंगातून बघितलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "वाजेल?"

"वाजेल." तो टेबलाखाली रांगत गेला, सुई शोधून आणली, बसवली. वजन फिरवलं. दांडी तरंगती केली. एक ग्रॅम, जेवढा कमीत कमी देता येईल तेवढा. वहिनी कान लावून बसल्या. त्याने दांडी उचलून तबकडीवर आणली, आणि वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"नको," त्या म्हणाल्या. "टोचेल त्याला."

सुईवाल्याने दांडी परत ठेवली. हा शब्द त्याने त्यांना सांगितला नव्हता.

त्यांनी ती बाजू कधीच वाजवली नाही. डावा कान जूनमध्ये गेला. आता तो पाटीवर लिहितो, त्या वाचून बोलतात. तबकडी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली वहिनींच्या कमरेला. सुईवाल्याला ती हातात मिळत नाही, आणि तो मागतही नाही. वर्षातून एकदा, वीस मार्चच्या सकाळी, वहिनी ती बाहेर काढतात, खिडकीपाशी उलटी धरून बघतात आणि पुन्हा आत ठेवून कुलूप लावतात.

गेल्या महिन्यात त्याच सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मोजा. यांचे डोळे भरून येतात, चुकतात ते." मी बाहेरून आत वर्तुळं मोजत गेलो. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

एकतीस.